कुणीच न लावलेलं कुंपण

सुंदररावांच्या घरावर एक पाटी आहे. घराला कित्येक वर्षांत रंग नाही, पण पाटीला दर दिवाळीला लागतो. 'अध्यक्ष, तंटामुक्ती समिती.' समितीची मुदत कधी संपली, नवी समिती झाली की नाही, हे वाडीत कुणी विचारत नाही. अध्यक्ष म्हणजे सुंदरराव. लिंबागणेशच्या बाजारात कुणी नुसतं "अध्यक्ष!" म्हणून हाक मारली तरी हेच मागं वळतात, आणि हाक दुसऱ्याला असली तरी दोन शब्द बोलून येतात.

आता खोटं कशाला बोला? भांडण मिटवण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन दारात आले तरी हे आधी चहा सांगायचे. चहा येईपर्यंत दोघांच्या वारलेल्या बापाचं कौतुक करायचे. बापाचं कौतुक ऐकलं की कुऱ्हाडी आपोआप खाली यायच्या. मग निकाल. तो असा की दोघांनाही वाटावं, आपणच जिंकलो. घरी जाऊन बायकोला समजावून सांगताना दोघांच्याही ध्यानात यायचं की कुठंतरी गफलत झाली. पण तोवर अध्यक्षांनी सत्काराचा नारळ घरात नेऊन ठेवलेला असायचा.

आणि तो चहा करायचं कोण? तर घरात एक माणूस होतं. सुंदरराव तिला "आगं" म्हणायचे. चारचौघांत विषय निघाला तर "घरचं" म्हणायचे. "घरचं तापानं पडलंय", "घरचं रानात गेलंय". तिचं नाव तुळजाबाई. लग्नात बायकांनी दार अडवलं, नाव घ्या म्हणाल्या, तेव्हा नवरदेव बाशिंगासकट गोठ्याच्या मागच्या दारानं घरात शिरले होते. म्हैस बिथरली, बाशिंग मोडलं, पण नाव काही घेतलं नाही. नातवंडं झाली तरी त्यांनी ती वेळ स्वतःवर येऊ दिली नव्हती. दुनियेचा न्याय करणारा माणूस, पण त्या पाच अक्षरांशी काय वैर होतं देव जाणे!

असो. भांडणाकडे येऊ.

सुंदररावांच्या रानाच्या कडेनं एक गाडीवाट जाते. ती कारभारींच्या रानात जाते आणि तिथंच संपते. कारभारी भीमनगरातले. पोरगा सतीश संभाजीनगरला नोकरीला, घरी ते आणि बायको भामाबाई. कारभारींच्या बापानं राजरोस खरेदीखत करून हे आतलं रान घेतलं, तेव्हाच वाटेची वहिवाट ठरली. भीमनगरच्या माणसानं जमीन घ्यावी, हे वाडीतल्या काही जणांना अजून पचलेलं नाही. सुंदररावांना ते पचलं होतं. "आपल्यात भेदभाव न्हाई," हे ते प्रत्येक भाषणात सांगायचे. त्यांना फक्त ती वाट पचत नव्हती.

वाट आणि सुंदररावांचं रान यांच्या मधोमध तारेचं कुंपण. दोघांच्या बापांनी मिळून घातलेलं. ते दोघं होते तोवर कुंपण कुणाचं, हा प्रश्नच निघाला नाही. ज्याला मोडलेलं दिसेल तो नीट करायचा. अडाणी माणसं, दुसरं काय!

यंदा दसऱ्याच्या सुमाराला वादळ झालं आणि बांधावरची जुनी बाभूळ कुंपणावर आडवी झाली. खांब मोडले, तार लोळली, बैलगाडी आरामात जाईल एवढं भगदाड पडलं. सकाळी दोघंही मालक धावत आले. बाभूळ कुणाची? तर दोघांचीही! सुंदरराव म्हणाले, मूळ माझ्या बांधात. कारभारी म्हणाले, फांद्या माझ्या वाटेवर. ताबडतोब करवत आली, आणि दिवस मावळायच्या आत सरपणाचे दोन सारखे ढीग दोन घरी पोचले. सालपटसुद्धा मागं राहिलं नाही. इतका गुण्यागोविंदाचा वाटा वाडीनं कधी बघितला नव्हता.

मग दोघं भगदाडाकडं वळले.

"अध्यक्ष, कुंपण नीट करून घ्या तुमचं," कारभारी म्हणाले.

"माझं? वाट तुमची हाय म्हणून कुंपण हाय. वाट नसती तर मला कुंपण लागलं असतं का?"

"वाटंला कुंपण कशाला लागतंय? वाट कुणी खातंय का? हरभरा तुमचा, कुंपण तुमचं."

कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, बाबांनो, दोघं मिळून दोन खांब रोवा आणि घरी जाऊन भाकर खा. पण इथंच तर मेख होती. मागच्या साली बंकट आणि त्याचा चुलत भाऊ यांच्या सामायिक भिंतीचा तंटा आला होता. भिंत कुणी लिंपायची? सुंदररावांनी त्या दिवशी असा निकाल दिला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लिंपायला ज्याचा हात पहिला लागंल, भिंत जन्मभर त्यानं सांभाळायची." भिंत अजून तशीच पडलेली आहे, पण तंटा मिटला. त्या पंचांत कारभारी बसले होते. ते आता हळूच म्हणाले, "लावा की मग हात, अध्यक्ष. निकाल तुमचाच हाय."

सुंदररावांचा हात तारेपासून वीतभर लांब होता. तो त्यांनी झटक्यात मागं घेतला.

त्या दिवसापासून दोघं त्या कुंपणाला विटाळ झाल्यासारखे टाळू लागले. एकदा सुंदररावांच्या धोतराचा सोगा लोळत्या तारेत अडकला. दुसरा कुणी असता तर ओढून मोकळा झाला असता. हे जागच्या जागी उभे राहिले आणि ओरडले, "कारभारी! या, बघून घ्या! तारेनं मला धरलंय, मी तारेला न्हाई!" कारभारींनी चहूबाजूंनी बघून घेतलं. मग सोगा सोडवायचा कुणी? कारभारीही तारेला हात लावेनात. शेवटी अध्यक्ष धोतर तिथंच सोडून, उपरणं गुंडाळून घरी आले. तुळजाबाईनं जाऊन धोतर सोडवून आणलं, धुतलं, वाळत घातलं. तिच्या हाताकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तेव्हाच लक्ष दिलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

हरभरा उगवला आणि सटवाच्या शेळ्यांना बातमी लागली. सटवाला सांगावं तर तो म्हणे, "शेळ्यांना तंटामुक्ती कळत न्हाई, अध्यक्ष." मग सुंदररावांनी डोकं चालवलं आणि भगदाडात बाज टाकली. बाज म्हणजे काही कुंपण नव्हे. माणूस आपल्या रानात बाजेवर बसला तर डागडुजी केली असं कोण म्हणेल? अध्यक्ष स्वतःच कुंपण होऊन बसले. कारभारींना वाटलं, हा गडी आपली पाठ फिरली की काहीतरी लबाडी करणार. त्यांनीही वाटेवर आपली बाज टाकली. दोघं समोरासमोर, मध्ये लोळलेली तार. सकाळी "जय भीम, अध्यक्ष" व्हायचं, "राम राम, कारभारी" व्हायचं, आणि मग दिवसभर एकमेकांवर नजर.

पण अध्यक्षांना काय एकच काम होतं? आज ह्या वस्तीवर बांधाचं भांडण, उद्या त्या वस्तीवर नळाचं. मग भगदाडात बसायचं कुणी? घरच्यानं. तुळजाबाई तुरी निवडायची, गोधडीला टाके घालायची, शेळी आली की हड म्हणायची. समोर भामाबाई येऊन बसायच्या. नवऱ्यांचं वैर बाजेवर, बायकांचा तंबाखू एकाच मिश्रीच्या डबीतला.

त्यात तेलगावहून सांगावा आला. धाकटी लेक शिवकन्या दिवस भरत आलेली, दुसरी खेप, सासरीच व्हायची होती. तुळजाबाई म्हणाली, "मी चार दिस जाऊन येते. पोरीला कुणी न्हाई तिथं."

"आन भगदाडात कोण बसंल?"

"तुमी बसा."

"आगं, मला उमापूरला जायचंय. वाट बघायलेत लोकं. हरभरा निघू दे, मंग जा म्हैनाभर."

शिवकन्येला मुलगी झाली. तुळजाबाईनं ती फोनमध्ये बघितली, बाजेवर बसून, उन्हात, पदरानं काच झाकून. पोरीचं नाक आपल्यावर गेलंय असं तिला वाटलं, पण उन्हानं नीट दिसेना. भामाबाई म्हणाल्या, "बारशाला तरी जाणार ना गं?" तुळजाबाईनं बाळासाठी शिवलेली कुंची मांडीवर घेतली आणि उगाच तिची नाडी पुन्हा उसवून पुन्हा लावली. जीव तुटत होता बाईचा, पण ऐकणार कोण? ऐकणारे लोकांची गाऱ्हाणी ऐकायला गेले होते.

बारसं दोन दिवसांवर आलं. तेलगावच्या व्याह्यांनी कळवलं होतं, अध्यक्षसाहेबांना फेटा बांधायचाय, मान घ्यायला यावं लागतंय. सुंदररावांनी ठेवणीतला सदरा काढला आणि म्हणाले, "मी जाऊन येतो. तू बस हितं. घरातलं एक कुणीतरी गेलं म्हंजी झालं."

त्यांनी हे सांगितलं आणि ते लिंबागणेशला एका भांडणाला गेले. तुळजाबाई उठली. गोठ्यातल्या दोन काठ्या आणल्या, दगडानं ठोकून भगदाडात रोवल्या, आणि घरातल्या जुन्या साड्या काढून खांबापासून खांबापर्यंत पक्क्या बांधल्या. एक हिरवी, एक जांभळी, आणि एक तिच्या आईची, किरमिजी काठाची. आमच्याकडं रानडुकरं येतात त्या रानांना लोक असंच साड्यांचं कुंपण करतात, त्यात नवल काही नाही. भामाबाई गाठी मारू लागल्या. तासाभरात भगदाड बुजलं. सटवाच्या शेळ्या आल्या, साड्या वाऱ्यावर फडफडताना बघून थबकल्या आणि परत फिरल्या.

"आता दोघंबी जाऊ बारशाला," तुळजाबाई म्हणाली. किती दिवसांनी ती हसली होती.

सुंदरराव परत आले आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. समोर कारभारी बाजेवर मांडी घालून बसलेले, चेहऱ्यावर दिवाळी.

"अभिनंदन, अध्यक्ष! हात लागला तुमच्या घरचा. आता जन्मभर कुंपण तुमचं!"

दुसरा कुणी गार पडला असता. सुंदररावांनी आधी चहा सांगितला. पंच म्हणून बंकटला आणि म्हाताऱ्या तात्याबाला बोलावलं. सगळे अंगणात बसले. चहा येईपर्यंत सुंदररावांनी कारभारींच्या बापाचं कौतुक केलं. मग घसा साफ करून म्हणाले,

"पंचहो, साड्या कुणी बांधल्या?"

"तुमच्या मंडळींनी," बंकट म्हणाला.

"बराबर. आता मला सांगा, सातबाऱ्यावर नाव कुणाचंय? माझं. तिचं हाय का? न्हाई. वहिवाटीच्या कागदावर तिचं नाव हाय का? न्हाई. पंचांत ती हाय का? न्हाई. जिचं कशातच नाव न्हाई, तिचा हात लागला काय आन वारा लागला काय, सारखंच की! म्हंजी मी लावलं न्हाई, कारभारींनी लावलं न्हाई. कुंपण कुणीच लावलं न्हाई!"

मग तात्याबानं मांडीवर थाप मारली. "वा रे वा अध्यक्ष! याला म्हणायचं डोस्कं!" बंकटनं मान डोलवली. कारभारींनी तोंड वाकडं केलं, पण हिशोब त्यांनाही सोयीचाच होता. कुंपण झालेलं, आणि गळ्यात कुणाच्याच नाही. ते म्हणाले, "चला, मिटलं."

चहाची थाळी घेऊन तुळजाबाई उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"कुणीच लावलं न्हाई का?" तिनं विचारलं.

"आगं, तसं न्हवं, निकालापुरतं..."

"बरं." ती आली तशी मागं वळली, थाळीसकट. तात्याबानं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. "आगं चहा!" सुंदरराव म्हणाले.

"चहा बी कुणीच केला न्हाई," आतून आवाज आला.

मग ती मागच्या दारानं रानात गेली. तिनं तिन्ही साड्या सोडल्या, झटकल्या, घडी घालून पिशवीत भरल्या. सुंदरराव धावत गेले. "आगं, ह्ये काय करायलीस? शेळ्या येतील!"

"मी कुठं काय करायले? कुणीच बांधल्या न्हाईत, कुणीच सोडल्या."

बारशाच्या दिवशी सकाळी तुळजाबाई नवं लुगडं नेसली, कुंची पिशवीत घातली आणि फाट्यावर जाऊन बीडच्या गाडीत बसली. शेजारच्या सीटवर भामाबाई. सुंदररावांना शेवटपर्यंत वाटत होतं, ही नुसतं भेडसावतेय. ते बाजेवरून ओरडले, "भाकर कुठं ठेवलीस?" उत्तर काय आलं असेल ते मी सांगायला नको.

आता ते बसले भगदाडात. अंगात ठेवणीतला सदरा, पोटात काही नाही. उठावं तर पलीकडच्या लिंबाखाली शेळ्या तयारच. सटवा लांबून मान हलवून नमस्कार करत होता. समोर कारभारी, त्यांचीही चूल थंड.

"काय खाल्लं का, अध्यक्ष?"

"कशाचं काय! तुमी?"

"कालचं पिठलं हुतं. आंबलं." कारभारींनी खिशातून शेंगदाणे काढले आणि लोळलेल्या तारेवरून मूठ पुढं केली. सुंदररावांनी घेतले. तारेला हात लागू न देता, अर्थात.

दुपार कलली तसा फोन वाजला. शिवकन्या. मागं बायकांचा गलका, भांड्यांचा आवाज, आणि मधूनच एक बारीक, नवंकोरं रडणं.

"नाना, तुमी कावून आला न्हाईत? फेटा तसाच ठिवलाय. सासरे इचारायलेत, अध्यक्ष कुठंत म्हणून. आई म्हणती, तुमाला बसायचं काम हाय."

"व्हय माय. जरा..." त्यांनी फोन कानाला आणखी घट्ट लावला. "ती रडायली का?"

"भूक लागलीय तिला. तुमी आला असता तर बरं झालं असतं, नाना." फोन बंद झाला.

सुंदरराव फोनकडे बघत बसले. त्यांना लाज वाटली. हरभऱ्याची नाही, निकालाची. लेकीच्या सासरी मांडवात त्यांची खुर्ची रिकामी होती आणि ते इथं शेळ्यांशी डोळे वटारत बसले होते. तुळजाबाई तर अशी महिनोन्‌महिने बसली होती, तेही बाळंतीण पोरगी सोडून. ते ताडकन उठले. घरच्या गोठ्यात गेले, पहार आणली.

"अध्यक्ष!" कारभारी उभे राहिले. "निकाल ध्यानात हाय ना? जन्मभर गळ्यात पडंल!"

"पडू दे बे!" सुंदरराव ओरडले. "तू बघ नुसता!"

त्यांनी खड्डा घेतला. सदऱ्याची वाट लागली. खांब उचलला, पण एकट्याला तो सरळ धरवेना, सारखा कलायला लागला. कारभारींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि वाटेच्या बाजूनं येऊन खांब धरला. "मी धरलाय असं नगा समजू. पडंल म्हणून टेकलोय."

तार ओढताना काटा सुंदररावांच्या अंगठ्यात गेला, रक्त आलं. ते त्यांनी धोतराला पुसलं. शेवटचा पीळ देत होते तेवढ्यात पुन्हा फोन, या वेळी तोंडं दिसणारा. पडद्यावर आधी पाळण्याची दोरी, मग एकदम खूपशा बायका, मग त्यांना बाजूला सारून तुळजाबाई.

"भगदाड दावा," ती म्हणाली.

त्यांनी फोन फिरवून कुंपण दाखवलं.

"कुणी लावलं?"

"मी."

"आन त्याच्या आधी साड्या कुणी बांधल्यात्या?"

सुंदररावांनी कारभारींकडे बघितलं. कारभारींनी आकाशाकडे बघितलं.

"तू," ते पुटपुटले.

"तू म्हंजी कोण? हितं साऱ्याजणी तूच हायेत. नाव घ्या."

बारशात नाव घ्यायला लावतात ते बायकांना. इथं आज्जीनं आजोबालाच धरलं होतं. कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी तिला गप्प केलं. इथं गोठ्याला मागचं दार नव्हतं. गोठाच नव्हता. होतं ते समोर आत्ताच स्वतःच्या हातानं ताणलेलं तारेचं कुंपण.

"तुळजाबाईनं," ते म्हणाले.

"ऐकू येईना. गाडीचा आवाज येतोय."

"तुळजाबाईनं बांधल्यात्या!" अध्यक्षांनी असा आवाज काढला की लिंबाखालच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "माझ्या तुळजाबाईनं!"

फोनमधून एकच गिल्ला उठला. तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला, डोळे मात्र झाकता आले नाहीत. तिच्या खांद्यावरून भामाबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "झालं गं बायांनो! एका मांडवात दोन बारशी झाली."

"उद्याच्याला येते," तुळजाबाई म्हणाली. "भाकर टाकून ठिवा." आणि फोन बंद झाला.

सुंदररावांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"अध्यक्ष," कारभारी हळूच म्हणाले, "आता खांब सोडू का?"